टॅटरसॉलबाईंचं कपाट

आमच्या गिरणीच्या गावात, टेंटर स्ट्रीटमध्ये, बाईची पारख तिच्या दारच्या पायरीवरून होई. नवरा दारू पीत असेल तर लोक हळहळत, पोरं उनाड निघाली तर दैवाला बोल लावत. पण पायरी काळी दिसली की ती बाई सगळ्यांच्या मनातून उतरलीच. भंगारवाल्याला चिंध्या द्यायच्या, बदल्यात त्याच्याकडून पिवळा दगड घ्यायचा आणि रोज सकाळी गुडघे टेकून त्याने पायरी घासायची, हा आमचा नेम. एथेल टॅटरसॉलची पायरी तर अशी, की पोस्टमन तिच्यावर पाय ठेवायला कचरायचा. लांबूनच हात पुढे करून पत्र आत सरकवायचा.

मी नेली सग्डन, तिची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. लढाईच्या आधी एकदा नगरपालिकेची माणसं माझ्या घरी ढेकणांसाठी गंधकाची धुरी द्यायला आली होती. तेव्हापासून एथेल माझ्याशी बोले ती रस्त्यात उभं राहूनच, आणि बोलून झालं की एप्रन झटके. मनाने वाईट नव्हती हो. पण नाकावर माशी बसू द्यायची नाही. मला तिचा राग यायचा आणि तिच्यासारखं व्हावं असंही वाटायचं. दोन्ही एकदमच वाटायचं, त्याला काय करणार?

पुढे लढाई संपली, आणि आमच्या ब्रॅकनशॉच्या नगरपालिकेनं टेकडीवर नवी घरं बांधली. घरातच संडास, न्हाणी, नळाला गरम पाणी. आमची ओलीनं कुजलेली गल्ली पाडायची होती. घरं मिळणार होती, पण अट होती. सगळं सामान आधी नगरपालिकेच्या बंद गाडीत भरायचं, तिथे त्याला औषधाची धुरी द्यायची, मगच ते नव्या घरात न्यायचं. अट मान्य नसेल तर किल्ली पुढच्याला. त्या गाडीला आम्ही ढेकणांची गाडी म्हणायचो, आणि ती कुणाच्या दाराशी उभी राहिली की त्या घराचं नाक कापलं गेलं असं धरायचो.

आरोग्य खात्याचे फेअरक्लफसाहेब समजावायला आले, ते एथेलच्या दारात अडकले.

"अट सगळ्यांना सारखी आहे, टॅटरसॉलबाई."

"सारखी? आधी माझी पायरी बघा, मग बोला."

"पायरी नाही न्यायची आम्हाला. पलंग न्यायचा आहे."

"मेयरला झोपवा माझ्या पलंगावर! सकाळी त्याच्या अंगावर एक गांधी उठलेली दाखवलीत, तर नाव बदलीन."

"मग मी कुठे झोपू?" आतून विल्फ ओरडला. विल्फ म्हणजे तिचा नवरा. जन्मभर गिरणीत राबला, छातीत कापसाची धूळ बसली, आणि आता दहा पावलं चालला की भिंत धरायचा.

"तू गप बस," एथेल म्हणाली आणि साहेबांच्या तोंडावर दार लावलं.

झालं! एथेल गाडी घेत नाही म्हटल्यावर कोण घेणार? समोरच्या बर्था ऑर्मरॉडने साहेबांना परत पाठवलं, तिच्या पलीकडचीनेही तेच केलं. मीही केलं. माझ्या दोन्ही मुली ओल्या खोलीत खोकत होत्या, नवरा रोज कटकट करत होता, तरी मी हटून बसले. एकदा चारचौघींत मान खाली गेली होती, पुन्हा एथेलच्या डोळ्यांदेखत ती गाडी दाराशी आणायची माझी छाती झाली नाही.

जानेवारीत अंगणात बर्फ गोठलं. अंगणाच्या टोकाला चार घरांत मिळून एक संडास. एका रात्री विल्फ तिकडे गेला तो परत येईना. एथेलने भिंतीवर ठोकून मला बोलावलं. दाराला टेकून तो तसाच बसला होता, ओठ निळे पडलेले. आम्ही दोघींनी त्याला खुर्चीत घालून घरात आणलं. श्वास परत आल्यावर तो म्हणाला, "एथेल, मरायचं तर मरीन गं. पण संडासात नको."

एथेल त्याचे पाय चोळत बसली. सकाळी डोक्यावर रविवारची, चर्चला जायची टोपी चढवली आणि थेट टाउन हॉल गाठला. म्हणाली, "गाडी पाठवा."

गाडी आली. पडद्यापडद्याआडून आम्ही बघत होतो. एथेलने गाडीभोवती एक फेरी मारली आणि स्टॅन ड्रायव्हरला विचारलं, "ही धुतोस का रे कधी?"

"बाई, सामान स्वच्छ करायची गाडी आहे ही."

"म्हणूनच विचारते."

बादली आली, ब्रश आला. माझं सामान घाणीत ठेवणार नाही म्हणून तिने गाडी आतून घासून काढली, आणि पिवळा दगड घेऊन गाडीची पायरीसुद्धा घासली! फेअरक्लफसाहेब टोपी काखेत मारून उभे. स्टॅन त्यांना हळूच म्हणाला, "आता मी चढू कसा, साहेब?"

मी हसत हसतच मदतीला गेले, अंथरुणं गोळा करायला. म्हणून पुढचं माझ्या डोळ्यांनी बघितलं. वरच्या खोलीत तिच्या आईचं ओक लाकडाचं कपाट होतं, माझ्या घराच्या भिंतीला लागून. विल्फची छाती गेल्यापासून ते कुणी हलवलं नव्हतं. गाडीबरोबर आलेल्या माणसांनी ते ओढलं, आणि भिंतीवरचा कागद सोलून खाली लोंबला. मागे काळे-तपकिरी ठिपके, आणि ठिपक्यांत वळवळ. कपाटाच्या पाठीवरही तेच. तो वास मला चांगला ओळखीचा होता.

आमच्यामागून वर आलेले फेअरक्लफसाहेब मध्ये येऊन उभे राहिले. "ओलीचे डाग आहेत," ते म्हणाले. "स्टॅन, चादर टाक कपाटावर आणि खाली घे. मी काही बघितलेलं नाही, टॅटरसॉलबाई."

मीही मान डोलावली. झाकली मूठ सव्वा लाखाची. धुरीत सगळं मरणार होतं, कुणाला कळणार होतं? आणि खरं सांगते, तिचं तोंड बघून मला मुळीच आनंद झाला नाही.

एथेलने भिंतीला बोट लावून बघितलं.

"एका विटेची भिंत," ती म्हणाली. "नेली, तुझ्याकडून आले हे, की माझ्याकडून गेले?"

"देव जाणे, एथेलबाई."

"आणि मी तुला रस्त्यात उभी करून बोलत राहिले." एवढंच म्हणून ती जिना उतरली.

खाली फुटपाथवर कपाट गाडीत चढणार, तोच तिने स्टॅनचा हात धरला. "चादर काढ. आणि कपाटाची पाठ रस्त्याकडे कर."

"बाई, कशाला उगाच—" साहेब म्हणाले.

"कर म्हणते ना!"

मग ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. "पडद्यामागून काय बघता गं? बाहेर या! हे ढेकूण आहेत, आणि माझ्या घरचे आहेत. मी घासण्यात कधी कमी पडले का? सांगा की! तरी आहेत. भिंतीच कुजल्यात, त्याला तुम्ही काय करणार नि मी काय करणार? माझ्याकडे बघून ज्या अडून बसल्या असतील त्यांनी आता उठा. पोरं आजारी आहेत तुमची."

मग बर्था ऑर्मरॉड दारात आली. "आमच्या सोफ्यातही आहेत," ती म्हणाली, आणि असं म्हणाली की जणू सोफा नवा घेतलाय. तिच्या पलीकडून आवाज आला, "आमच्याकडे पाळण्यात!" मग कोण कुणाचं ऐकतंय! मी साहेबांची बाही धरली. "साहेब, सग्डन लिहा. माझ्या दोन मुली आहेत, लवकरची तारीख द्या."

मोठमोठी माणसं टाउन हॉलच्या पायऱ्यांवर भाषणं करताना मी ऐकली आहेत. त्यांतलं एक वाक्य आठवत नाही. एथेलचा शब्द न् शब्द आठवतो, आणि ती माझी शेजारीण होती हे मी आजही कुणालाही ऐकवते.

कपाट चढलं. विल्फला ओव्हरकोटात गुंडाळून पुढे बसवलं. एथेल त्याच्या शेजारी चढली आणि टोपी नीट केली. स्टॅनने सवयीने गाडी मागच्या बोळाकडे वळवायला घेतली.

"इकडून कुठे?"

"मागून नेतो, बाई. सगळ्यांना तसंच नेतो. कुणी बघायला नको."

"आज बाजार आहे ना?"

"आहे की. तुफान गर्दी आहे."

"मग बाजारातून घे," एथेल म्हणाली. "आणि सावकाश चालव."