दिवा विझवणारी केळी

असोद्याला माझ्या अक्काच्या, म्हणजे थोरल्या बहिणीच्या, घरामागे केळी पिकवायची एक थंड खोली आहे. घरात तिला सगळे चेंबर म्हणतात. हिरव्या केळीचे क्रेट आत रचायचे, फळ पिकवणारा गॅस द्यायचा आणि चार-पाच दिवसांनी पिवळा माल काढायचा. तोवर सकाळ-संध्याकाळ दार सताड उघडून खोलीला हवा द्यायची, हा अक्काचा कडक नियम. माल काढायच्या सकाळी आत दिवा लावून हात जोडायचे, हा त्याहून कडक.

त्या दिवशी सकाळी माल निघणार होता आणि दुपारी सोनगीरचे पाहुणे भाचीची सुपारी फोडायला येणार होते. मुलगा भाचीनं स्वतः पसंत केलेला. अक्काला तिनं वर्षभर खपून कसंबसं राजी केलं होतं.

आदल्या दिवशी अक्का खरेदीला जळगावला गेली आणि चेंबर माझ्या हाती आलं. मी पडलो हुशार! गारवा वाया कशाला घालवायचा म्हणून दाराच्या फटींवर चिकटपट्टी मारली आणि संध्याकाळची हवा द्यायची राहूनच गेली.

सकाळी अक्का उठायच्या आत मी पट्टी काढून टाकली. अक्का दिवा घेऊन आत गेली, तो जमिनीवर ठेवला, आणि दिवा विझला. वाऱ्याची झुळूक नव्हती, तेल काठोकाठ होतं. तिनं काडी ओढली, ती फुरफुरून गेली. दुसरी गेली. तिसरीही गेली. अक्का बाहेर आली ती पांढरीफटक.

"देवालेच मंजूर नाही," ती म्हणाली आणि मोबाईल उचलला. "सोनगीरवाल्यांना सांगते, येऊ नका."

भाची दारातच खाली बसली. मी एव्हाना आत जाऊन क्रेटमध्ये हात घालून पाहिला होता. खोली गार, पण फण्यांच्या मधे ऊब! तापकरी लेकराच्या काखेत असते तशी. आणि दोन पावलं आत जाताच मलाही धाप लागली होती.

"अक्का, थांब! दिवा देवानं नाही विझवला. केळीनं विझवला. आणि तिला कोंडलं मी."

"काहून रे, चढली का सकाळी सकाळी?"

मी सगळं कबूल केलं. मग दिवा पेटवून भाचीच्या हातात दिला. बाहेर तो ताठ जळत होता. तिनं हात लांब करून तो उंबऱ्याच्या आत जमिनीलगत धरला. ज्योत बारीक झाली आणि गेली. बाहेर आणून पेटवला, ताठ. पुन्हा आत, गेला. नाटकात टाळ्या पडाव्यात असा तो प्रवेश होता, पण मला टाळीची शुद्ध नव्हती. मी बघत होतो त्या मुक्या फण्यांकडे. वर्षभर उन्हात उभं राहून केळीच्या पानांनी हवा-पाण्याची साखर बांधली होती आणि घडात भरून ठेवली होती. घड तोडला तरी तो मेला नव्हता. अंधारात बसून तो प्राणवायू ओढत होता आणि तेच साठवलेलं ऊन थोडं थोडं जाळत होता. ना ज्योत, ना धूर. दिवाही तेलात साठलेलं ऊनच जाळतो, फक्त उघडपणे. आणि मी? सकाळच्या भाकरीवर माझंही तेच चाललेलं. एका खोलीत आम्ही तिघे एकाच हवेवर तुटून पडलो होतो, आणि हजारो केळ्यांपुढे दिव्याचा काय पाड!

"मामा," भाची म्हणाली, "माझं लग्न तुम्ही चिकटपट्टीनं मोडत होता."

दार तासभर उघडं ठेवलं. तोवर अक्काच्या हातात मोबाईल तसाच होता. मग ती आत गेली, दिवा ठेवला, काडी ओढली. ज्योत हलली, सावरली, उभी राहिली. अक्कानं मोबाईल कमरेला खोचला, हात जोडले आणि क्रेटवर वाकून हळूच म्हणाली, "रातभर कोंडलं रे यानं तुम्हाले."

माझ्याशी मात्र ती पाहुणे येईपर्यंत बोलली नाही.