धाकट्या जावेची लेन्स

अक्षर वाकडं आहे आणि शुद्धलेखनाचं तर विचारूच नका. चौथीनंतर पेन हातात आलं ते ब्लाऊजची मापं लिहिण्यापुरतंच. कुणी वाचलंच तर माफ करावं. तोंडाने हे कुणाला सांगता येत नाही म्हणून लिहिते.

माझा पहिला कॅमेरा धाकट्या जावेचा. ती धुळ्याला बँकेत आहे. तिने लेन्स बदलता येणारा नवा घेतला, तेव्हा जुना ब्रिज कॅमेरा मला दिला. त्याची लेन्स निघत नव्हती, पण तळ्यापलीकडचा बगळा अगदी जवळ आणायची. मी पिंप्राळ्यात शिवणकाम करते. मशीनवर बसायच्या आधी पाखरं टिपून यायची. घरच्या ग्रुपवर तिचे फोटो येईपर्यंत मी सुखात होते. तिच्या वेड्या राघूच्या, त्या माशा टिपणाऱ्या हिरव्या पाखराच्या, डोळ्यात उजेडाचा ठिपका दिसायचा. माझा राघू पाटीवर पुसलेल्या खडूसारखा. तिचं सगळे कौतुक करायचे. मला एक अंगठा, तोही तिचाच.

मला तिच्यासारखाच कॅमेरा हवा झाला, त्याच कंपनीचा. पैसे नव्हते. उसने दिले तेही तिनेच. लग्नाचे फोटो काढणाऱ्या एकाकडून मी वापरलेला घेतला आणि जुना तिला परत केला, जरा तोऱ्यातच.

दिवाळीत सगळे तिच्याकडे जमलो, तेव्हा दोघी धुळ्याजवळच्या धरणावर गेलो. राघू तारेवर बसला होता. मी फोटो काढून पाहिला, तर जवळजवळ नुसती तार. माझी लेन्स आखूड होती, मांडवातली माणसं टिपण्यापुरती. जाऊ हसली.

"अक्का, ही तर लग्नाची लेन्स. माझी लावून बघा, तुमच्याला बसेल."

तिने आपली लांब लेन्स काढून पुढे केली. मी नको म्हटलं. ऊन चढेपर्यंत मी धरणाच्या भिंतीचे फोटो काढत राहिले.

घरी सासऱ्यांनी मी काढलेला तारेवरचा राघू पाहिला.

"हाई पाखरू शे का तीळ शे?"

पाखरू आहे की तीळ, म्हणून सगळे हसले. ती हसली नाही, याचाही मला राग आला.

पुढे लग्नसराईत मी रात्रंदिवस ब्लाऊज शिवले. तिचे पैसे थोडे थोडे पाठवत गेले. "घाई नाही अक्का," असं ती दर वेळी लिहायची आणि मला ते टोचायचं. उरलेल्यातून वापरलेली लांब लेन्स घेतली. एका सकाळी राघू मिळाला, चोचीत चतुर धरलेला, चतुराच्या पंखांच्या शिरासुद्धा दिसत होत्या. ग्रुपवर टाकला नाही. तिचे पैसे बाकी होते तोवर तो राघू अर्धा तिचाच वाटायचा.

यंदा आखाजीला, अक्षय तृतीयेला, ती आमच्या घरी आली. स्वयंपाकघरात दोघीच असताना तिला फोटो दाखवला. तिने तो बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला.

"असा मला अजून नाही मिळाला," ती हळूच म्हणाली.

तिच्या आवाजात काय होतं ते मी लगेच ओळखलं. तेच जळणं, इतके दिवस माझ्याच घरचं.

मग तिच्या उसन्यातले उरलेले पैसे तिच्या हातात दिले. ती तसेच पर्समध्ये टाकायला लागली.

"मोजून घे," मी म्हटलं.

तिने मोजले. पुरे भरले.