बेमालूम भिंतीतली सतरा भोकं

त्याला सगळे ‘बेमालूम’ म्हणत. खरं नाव फक्त सही करताना उपयोगी पडायचं. तसा तो गवंडी, पण नव्या भिंती उभ्या करायच्या भानगडीत फारसा पडायचा नाही. भेगा बुजवणं, सुटलेला गिलावा पुन्हा धरणं, निखळलेली वीट जागच्या जागी बसवणं ही त्याची कामं. जुन्याला नवं असं जोडायचं, की सांधा कुठे आहे ते खुद्द जोडणाऱ्यालाही सांगता येऊ नये. यात त्याचा हात धरणारा दुसरा कुणी नव्हता.

“ह्यांना घरात चष्मा सापडत नाही,” त्याची बायको म्हणायची, “पण भिंतीवरची केसाएवढी चीर रस्त्याच्या पलीकडून दिसते. मी केस विंचरून समोर उभी राहिले तर मात्र काही दिसत नाही.”

तो हसायचा आणि चष्मा शोधत राहायचा.

त्या थंडीत त्याने एका चार मजली जुन्या इमारतीची मागची भिंत हाती घेतली होती. अंगणाच्या बाजूची, विटांची, जागोजाग ओल धरलेली भिंत. सोसायटीचे सेक्रेटरी निवृत्त गृहस्थ होते. किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत दिवसातून चार वेळा अंगणात येऊन मान वर करून उभे राहायचे.

“मिस्त्री, एक लक्षात ठेवा. भिंतीत एकही भोक दिसता कामा नये. पाणी नको, उंदीर नको, काही नको.”

“दिसलं तर पैसे देऊ नका,” बेमालूम म्हणाला होता. त्याने पाच वर्षांची हमीही लिहून दिली.

वरच्या दोन मजल्यांवर, छपराच्या कडेखाली, विटा निसटून मूठभर आकाराची भोकं पडली होती. त्याने एकेका भोकात हात घातला. आतून पिसं निघाली, गवताच्या काड्या निघाल्या. केर जुना, कोरडा. सगळं साफ केलं, विटेचा तुकडा मापाने तासून आत बसवला, वरून गिलावा, गिलाव्यावर पुट्टी. एका भोकात मात्र एक उथळ वाटी सापडली. पिसं न् काड्या एकमेकांना चिकटवून केलेली, इतकी हलकी की तळहाताला कळू नये. कशाने चिकटवलीय म्हणून त्याने नखाने खरवडून पाहिलं. चुना नाही, माती नाही, सरस नाही. आणि तरी पक्की. असा सांधा आपल्यालाही जमायचा नाही, असं त्याच्या मनात आलं. त्याने ती रुमालात गुंडाळून घरी नेली. बायकोने तिच्यात केसांच्या पिना ठेवल्या.

भिंत वाळायला वेळ दिला. थंडी सरली, झाडांना पालवी फुटली. रंगाचा हात तेवढा राहिला होता, म्हणून परांची अजून तशीच उभी होती. पुढच्या सोमवारी रंगारी येणार होते. त्याआधी एकदा भिंतीवरून हात फिरवावा म्हणून बेमालूम सकाळीच वर चढला. त्याला स्वतःचीच भिंत पाहून बरं वाटलं. कोवळं ऊन पडलं होतं आणि त्या उन्हातही कुठे उंचवटा दिसत नव्हता.

तेवढ्यात डोक्यावरून काहीतरी सूं करून गेलं आणि समोर भिंतीवर आपटलं. टप्.

काळसर, कोयत्याच्या पात्यासारख्या लांब पंखांचा एक पक्षी. क्षणभर नखांनी गुळगुळीत पुट्टीला धरायला गेला, घसरला, खाली पडता पडता हवेत सावरला, अंगणावर मोठा गोल घेतला आणि परत आला. टप्. त्याच जागी. पाठोपाठ दुसरा, चार हात पलीकडे. मग तिसरा. बेमालूम परांचीच्या बांबूला घट्ट धरून उभा राहिला. कुणी दारावर थापा माराव्यात आणि दार आपणच आतून लिंपून टाकलेलं असावं, तसं त्याला झालं.

शेजारची स्वयंपाकघराची खिडकी धाडकन उघडली. तिसऱ्या मजल्यावरच्या जीवशास्त्राच्या बाई. शाळेत शिकवायच्या, हिवाळाभर आजारी बहिणीकडे गेल्या होत्या आणि कालच परतल्या होत्या. हातात कणकेचा गोळा तसाच.

“मिस्त्री! ही भोकं कुणी बुजवली?”

“मी बुजवली, बाई.”

“सगळी?”

“सगळी,” तो म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा हे सांगताना त्याची मान खाली गेली.

बाईंनी एक जाड वही आणली. पक्षीगणनेसाठी गेली सहा वर्षं त्या याच खिडकीतून नोंदी करत होत्या. “पाकोळ्या आहेत या. सतरा जोड्या. समुद्र ओलांडून येतात दरवर्षी, आणि आपापल्या भोकात जातात. शेजाऱ्याच्या नाही, आपापल्याच.”

“बसतात कुठे एरवी?”

“बसतच नाहीत. खाणं हवेत, पाणी पिणं उडता उडता, झोपसुद्धा हवेतच. पिल्लू भोकातून बाहेर पडलं की दोन-दोन, तीन-तीन वर्षं जमिनीला पाय लावत नाही. अंडी घालायची तेवढ्यापुरतं त्यांना हे मूठभर भोक लागतं. आठवडाभर आपटतील. नाही उघडलं, तर यंदा अंडी नाहीत.”

तीन वर्षं कुठे न टेकलेला जीव. बेमालूमने वर पाहिलं. आपण दुपारी जेवल्यावर पाठ टेकल्याशिवाय राहत नाही, आणि हे. त्याच्या डोक्यात ते मावेना.

सेक्रेटरींना बोलावलं गेलं. ते अंगणातूनच ओरडले, “बाई, तुमच्या पाखरांबद्दल मला आदर आहे. पण नव्या भिंतीला छिन्नी लावू देणार नाही.”

“साहेब, मी फोडतो, मीच नीट करून देतो,” बेमालूम वरून म्हणाला. “हमी तीच राहील. भोकाला बाहेरच्या बाजूला उतार देतो, थेंब आत यायचा नाही.”

“बरं. कुठे आहेत भोकं? दाखवा.”

आणि इथेच सगळं अडलं. बेमालूमने भिंतीवर तळहात फिरवला. बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं. आवाज सगळीकडे सारखाच भरीव. एका जागी ‘हेच’ म्हणाला, मग ‘नाही, हे’ म्हणाला. बाईंच्या वहीत फक्त मजला लिहिलेला होता. आजवर ज्या गोष्टीबद्दल लोकांनी पाठ थोपटली, ती आता त्याच्याच आड आली होती.

“सतरा भोकं शोधायला सत्तर भोकं पाडणार?” सेक्रेटरींनी जुडगा खिशात टाकला. “सोमवारी रंग. विषय संपला.”

संध्याकाळी घरी त्याने जेवण अर्धंच सोडलं. बायकोने विचारल्यावर सगळं सांगितलं.

“म्हणजे तुम्हाला ठाऊक नाही आणि पाखराला ठाऊक आहे,” ती ताट उचलता उचलता म्हणाली. “मग त्यालाच विचारा की.”

तो तिच्याकडे बघत राहिला. ती खरकटं काढण्यात गुंतली होती, आपण काय बोलून गेलो याचा तिला पत्ताही नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो खडूची पेटी घेऊन परांचीवर चढला. पक्षी जिथे आपटेल तिथे ठिपका द्यायचा, एवढंच. पण पाकोळी अशी येते की डोळ्याची पापणी लवायच्या आत जाते, आणि भिंत लांबलचक. बाईंनी मग जिने चढून उतरून घरोघरची दारं वाजवली. सुट्टीचा दिवस होता. लोक खुर्च्या घेऊन अंगणात आले. पावसाच्या पाण्याच्या दोन पाइपांमधली एकेक पट्टी बाईंनी एकेका घराला वाटून दिली.

सुरुवातीला चेष्टाच चालली होती. “आमच्या पट्टीत काहीच नाही, बाई. बदलून द्या.” “तुमच्याकडे यायला पक्ष्यांनाही भीती वाटते.” कुणी म्हणालं, एवढं टक लावून तर नवऱ्याकडेही कधी पाहिलं नाही. पण तासाभरात आवाज बदलले.

“तिसरा मजला, खिडकीच्या वर, डावीकडे दोन हात! नाही, थोडं खाली! हां, तिथेच!”

“परत! बेमालूम, परत तिथेच!”

तो बांबूंवरून सरकत जायचा आणि ठिपका द्यायचा. एक, दोन, पाच, नऊ. दुपार कलली तेव्हा तो एका जागी थांबला. समोर एकवीस ठिपके होते. बाईंनी खिडकीतून चहाची बशी दिली, ती त्याने भिंतीवर पालथी धरली. सगळेच्या सगळे ठिपके बशीखाली झाकले गेले. त्याने बशी काढली आणि पुन्हा ठेवली. आपली नजर आणि हात यांवर त्याचं पोट चाललं होतं, आणि या भिंतीवर दोन्ही आंधळी ठरली होती. हजारो कोसांवरून, समुद्रावरून आलेल्या या जिवाला मात्र पुट्टीखालची वीट दिसत होती, की आठवत होती, की आणखी काही होतं ज्याला आपल्याकडे शब्दच नाही?

खाली खुर्च्या भिंतीजवळ सरकल्या. बशी सगळ्यांनी पाहिली होती.

“एक फोडा,” सेक्रेटरी म्हणाले. ते कधी खुर्चीत येऊन बसले कुणाला कळलं नव्हतं. “मी सांगतो तो. तो कोपऱ्यातला. चुकला, तर तिथेच थांबायचं.”

त्या कोपऱ्यात चारच ठिपके होते. बेमालूमने छिन्नी त्यांच्या मधोमध टेकवली आणि हातोडीचा हलका ठोका दिला. पापुद्रा उडाला. आत विटेचा तुकडा होता, त्यानेच तासलेला, एका बाजूला त्याच्या छिन्नीची तिरपी खूण. एक बोटभरही इकडे-तिकडे नाही. त्याने तुकडा ओढून काढला आणि घाईघाईने बाजूला झाला. तोंडावर वारा आला, एक काळी रेघ त्या अंधारात शिरली आणि आतून बारीक, चिरका, आनंदी आवाज आला.

अंगणातून टाळ्या वाजल्या नाहीत. कुणीतरी फक्त “अगं आई” म्हणालं.

शनिवारपर्यंत सोळा भोकं उघडली. प्रत्येकाला त्याने बाहेरच्या अंगाला उतार दिला, कडा घोटून दिली. सतराव्याचा पत्ता लागेना. बाईंची वही सतरा म्हणत होती, पण भिंतीवर ठिपक्यांचे झुबके सोळाच. पाखरांची वाट मोकळी व्हावी म्हणून रविवारी परांची उतरवली गेली. रंग लावायचा तो शिडीवरून लावू, म्हणून सेक्रेटरींनी आपण होऊन सांगितलं.

“एखादी जोडी वाटेत गेली असेल,” बाई म्हणाल्या. “होतं असं.”

पण बेमालूम रोज सकाळी कामावर जाताना वाट वाकडी करून अंगणात यायचा. सोबत हत्यारांची पिशवी आणि रुमालात ती पिसांची वाटी असायची. “आता माझ्या पिना कुठे ठेवू?” बायकोने विचारलं होतं, आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच पिना काढून वाटी झटकून दिली होती. ही याच सतराव्या घरातली, असं त्याने धरूनच ठेवलं होतं. पुरावा काही नव्हता.

पाचव्या दिवशी टप् आवाज झाला.

चौथा मजला. सेक्रेटरींच्या न्हाणीघराच्या खिडकीशेजारी, हातभर अंतरावर. एकटा पक्षी, उशिरा पोचलेला, पंखाची दोन पिसं तुटलेली. तो पुन्हा आला. टप्. बेमालूम जिने चढत सुटला. सेक्रेटरींनी दार उघडलं ते अंगाला साबण लागलेल्या अवस्थेत, पंचा गुंडाळून.

“साहेब, खिडकी!”

“परांची नाही, मिस्त्री. पडाल.”

“मला धरा.”

खिडकी अरुंद होती. बेमालूम कमरेपर्यंत बाहेर झुकला. मागून सेक्रेटरींनी दोन्ही हातांनी त्याचा कमरेचा पट्टा धरला आणि आपले ओले पाय भिंतीला रेटले. त्याने डावा हात लांबवून बोटांनी अंदाज घेतला. पक्षी आपटला, इतक्या जवळ की पंखाचं टोक मनगटाला लागलं. तिथेच त्याने छिन्नी टेकवली. तीन ठोके. वीट निघाली. त्याने रुमाल तोंडाने सोडवला, ती वाटी आत सरकवली आणि हात मागे घेतला.

“झालं का?” मागून घुसमटलेला आवाज आला.

“थांबा.”

अंगणात बाई, दोन-तीन शेजारी आणि एक दूधवाला माना वर करून उभे होते. पाकोळीने इमारतीभोवती एक मोठा फेरा घेतला, मग दुसरा, अधिक वेगाने. ती सरळ त्याच्या चेहऱ्याच्या दिशेने आली, इतकी सरळ की त्याला तिचे काळेभोर, खोल डोळे दिसले. गालाला वारा लागला आणि ती आत होती.

त्याच्या कानापासून वीतभर अंतरावर, भिंतीच्या पोटात, काहीतरी हललं आणि स्थिर झालं. कदाचित वर्षभरात पहिल्यांदा तो जीव कशावर तरी टेकला होता.

“मिस्त्री, अहो, गेली का आत? मला इथून काही दिसत नाही. आणि माझे हात घसरतायत. सोडू का आता?”

“नका सोडू, साहेब,” बेमालूम कुजबुजला. “जरा आणखी धरा.”