पणतीनं हात वर केला नाही

गाववाल्यांनो, राग आला तरी शेवटपर्यंत वाचा. आज सकाळी शाळेत संविधान दिन होता. माझी पणती उद्देशिका वाचणार होती. आठवडाभर घरात तिचा तोच घोष चालू होता.

ती माइकसमोर उभी राहिली आणि "आम्ही, भारताचे लोक" एवढंच म्हणाली. तेवढ्यात पुढाऱ्याच्या गाड्या आल्या. गुरुजींनी तिच्या हातातला माइक काढून घेतला आणि ओरडले, "साहेबांचा विजय असो!" सगळ्या पोरांचे हात वर गेले. पणतीनं मात्र हात वर केला नाही. मग सत्कार झाले, भाषणं झाली. उद्देशिका राहूनच गेली.

मला निजामाच्या राज्यातली माझी शाळा आठवली. तिथं रोज निजामाला दीर्घायुष्य मागणारी प्रार्थना म्हणावी लागे. एक दिवस मी तोंड मिटून उभा राहिलो. मास्तर म्हणाले, "जिसका खाता, उसको दुआ नहीं देता क्या बे?" छड्या बसल्या आणि शाळेतून नाव कमी झालं. वडिलांनी मला मानवतच्या बाजारात कापसाच्या गाड्यांवर कामाला लावलं. माझं शिक्षण तिथंच संपलं.

हे सगळं पणतीला ठाऊक आहे. घरी येताना तिनं माझं बोट घट्ट धरलं.

"आबा, मी बी हात वर केला न्हाई. मलाबी काढतेल का?"

"येडी का काय तू? आता कायद्याचं राज्य हाय."

असं म्हणालो खरा, पण तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. गाववाल्यांनो, मी तिला खरं तेच सांगितलं ना?