डोहातली चार चाकं

त्या चार चाकांची आठवण झाली की आजही मी बोलता बोलता गप्प होतो. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, ते सांगताना माझी जीभ अडत नाही. इथं अडते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. शिपाई म्हणून भरती झालो आणि जमादार होऊन निवृत्त झालो. तेव्हा लिहिण्यात चुकेल ते चुकेल, घडलं ते मात्र बरोबर सांगतो.

दुष्काळ सरून दोनतीन पावसाळे झाले होते. मी शिरूर ठाण्यात हवालदार होतो. गावाजवळ एका बागायतदाराकडं इंग्रजांच्या वेळची मोटार होती, त्याच्या वडिलांनी हौसेनं घेतलेली. तिच्या चाकांना तारा नव्हत्या की पत्रा नव्हता. बैलगाडीसारखे लाकडी आरे होते. ते किड्यानं पोखरले, म्हणून मालकानं चाकं दौंडच्या एका सुताराकडं दिली. वरवंड, कासुर्डीपर्यंतचे गाडीवान चाकासाठी त्याच्याच दारात यायचे. कामाला पक्का आणि तोंडानं फाटका. त्यानं बाभळीचे नवे आरे घालून, जवसाचं तेल पाजून चाकं परत दिली आणि सावलीत ठेवा म्हणून बजावलं.

मुंबईला जुन्या मोटारींचा मेळावा होता, मालकाला तिथं गाडी न्यायची होती. टायर यायला वेळ लागला. तोवर मोटार ओंडक्यांवर आणि चाकं पत्र्याच्या शेडमध्ये. चैत्राचं ऊन पत्र्याखाली काय करतं ते सांगायला नको. लाकूड सुकून आरे सैल झाले, हलवलं की वाजायला लागले. मालकानं सुताराला बोलावून चारचौघांत झापलं. सुतारानं शेडचा पत्रा पाहिला आणि म्हणाला, तुमची चाकं ठेवायची लायकी नाही, एक दिवस उचलून नेईन. आणि त्याच आठवड्यात चाकं गेली.

मालकानं फिर्याद दिली, संशयित म्हणून सुताराचं नाव दिलं. फौजदारसाहेबांनी मला दौंडला धाडलं. सुतार रंधा मारत होता. तेवढी फळी संपवतो म्हणाला आणि संपवूनच उठला. मी थांबलो. आरोपीला खेचून आणलं की तो ठाण्यात तोंड उघडत नाही, स्वतः चालत आला की बोलतो, हा माझा अनुभव. कुणी काही म्हणो.

चौकशीत मात्र त्यानं साहेबांना घाम फोडला.

"चाकं उचलून नेईन असं म्हणाला होतास?"

"म्हणालो व्हतो. आजबी म्हणतो."

"मग नेलीस कुठं?"

"न्यायला पायजे हुती. कुणीतरी माझ्या आधी नेली."

साहेब म्हणाले, हा तर अर्धी कबुली देतोय. त्याला कोठडीत टाकलं. त्याला त्याचं काहीच वाटलं नाही, असं वरवर दिसत होतं. पण पाणी द्यायला गेलो तेव्हा हळूच म्हणाला, "हवालदार, चाकचोर म्हणून नाव झालं तर माझ्याकडं गाडी घेऊन कोण यील? माझा पोरगा बी ह्याच धंद्यात हाय." तेव्हा मला कळलं की या माणसाचं काय पणाला लागलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळीच माझा एक खबऱ्या आला. धंद्यानं परीट. घोड नदीच्या डोहावर कपडे धूत असताना करंजाच्या मुळीला बांधलेला दोर त्याला दिसला. ओढून पाहिला तर जड. भिऊन सोडून दिला. आम्ही पंच घेऊन गेलो. मी स्वतः कमरेएवढ्या पाण्यात उतरलो.

पहिलं चाक वर आलं आणि काठावरची माणसं पुढं सरकली. पाणी निथळत होतं, आरे उन्हात तांबूस झळकत होते, एकासारखा एक. मी शेतकऱ्याचा पोर, जन्मभर चाकं पाहिलेली, पण इतकं बारीक आणि इतकं ताकदीचं लाकूडकाम पाहिलं नव्हतं. एका पंचानं तर चपला काढल्या. का काढल्या ते त्यालाही सांगता आलं नसतं.

साहेब खूष झाले. चाकं उचलून नेईन म्हणणाऱ्या सुताराशिवाय ती दुसरं कोण लपवणार? पंचनामा झाला, मुद्देमाल ठाण्यात आला. दुपारनंतर आरोपीला कोर्टात उभं करायचं ठरलं.

ओळख पटवायला मी सुताराला चाकांपाशी आणलं. त्यानं आऱ्यावर नखानं टिचकी मारली, कान लावला. कोठडीत न डगमगलेला माणूस तिथं रडला.

"पाण्यात कुणी घातली? आता घट्ट वाटत्यात, पर पाणी जोडात मुरलंय. वाळली की आरा न् आरा हालंल. माझं समदं काम गेलं."

मी म्हणालो, "मिस्त्री, तुम्हीच बुडवली असं साहेबांचं म्हणणं आहे."

"मी माझं लेकरू बुडवीन व्हय?" त्यानं डोळे पुसले. "पाण्यात ठेवली कशी हुती?"

मी सांगितलं. गाळात नव्हती. खाली सपाट दगड मांडून आडवी ठेवलेली, दोर चारींतून ओवून मुळीला बांधलेला.

त्यानं चाकावरून हात फिरवला. "चोर दगड मांडत बसतो का? ह्ये कुणीतरी मायेनं केलंय, हवालदार. गाडीवाला माणूस हाय."

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. आमच्याकडं उन्हाळ्यात गाडीची चाकं वाळून वाजायला लागली की गाडीवान ती नदीत घालून ठेवतो. लाकूड फुगतं, आरे घट्ट बसतात. हे शेंबड्या पोराला ठाऊक. पण मोटार म्हटल्यावर आमच्या कुणाच्या मनात बैलगाडी आलीच नाही. आणि गाडीच्या चाकाला जे चालतं ते या नाजूक जोडाच्या चाकाला चालत नाही, हे सुताराशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

मालकाकडं एक म्हातारा गाडीवान होता, मोटार यायच्या आधीपासूनचा. मी गोठ्यात गेलो. तो बैलांना कडबा टाकत होता. चाकं तू नेलीस का, असं मी विचारलं नाही. असं विचारलं की माणूस नाही म्हणतो. मी दावणीवर टेकलो आणि म्हणालो, "आप्पा, चाकं किती दिवस ठेवायची होती?"

"चार-पाच दिस," तो कडबा टाकत बोलून गेला, आणि त्याचा हात थांबला.

मग सगळं बाहेर आलं. "चाक वरडत हुतं, साहेब. मालक त्या मोटारीतनं ममईला जाणार. घाटात आरा निखळला म्हंजी? म्हणून भल्या मनानं घातली. पाण्यातली चाकं उलटी करायला निघालो तर चोरी चोरी म्हणून गलका झाला. माझी वाचाच बसली. सुताराला नेलं तवापासून घास गिळंना."

त्यानं मुंडासं बांधलं आणि माझ्यापुढं चालत ठाण्यात आला. मालक आधी खवळला, नंतर म्हाताऱ्याकडं पाहून खाली बसला. त्यानं जबाब बदलला. सुतार सुटला. गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा म्हणून 'सी' समरी झाली आणि कागद बंद झाला.

सुतारानं चाकं मात्र तिथं ठेवली नाहीत. मुंबईचा मेळावा गेला तर गेला म्हणाला, आणि दौंडला घेऊन गेला. सावलीत वाळवली, पार सुटी केली. दिवाळीनंतर मला त्याचा निरोप आला, ज्यानं बुडवली त्याला घेऊन या. मी आप्पाला एस.टी.त बसवलं. वाटभर तो विचारत होता, मारंल का हो मला?

भीमेच्या काठी गोवऱ्यांचं गोल आळं पेटलं होतं, त्यात चाकाची लोखंडी पट्टी, जिच्यावर टायर चढतो ती, लाल झाली होती. सुतारानं बाहेरचं लाकूड पट्टीपेक्षा केसभर मोठं ठेवलं होतं. थंड पट्टी त्यावर कधीच बसली नसती. चौघांनी चिमट्यांनी पट्टी उचलली, चाकावर टाकली, चारी बाजूंनी हातोडे पडले. लाकडानं पेट घेतला, धूर झाला. मी वर्दीतला माणूस, पण मागं सरलो.

पुढं नोकरीत चोरीचा माल सापडला की तो कुणाकडं सापडला हे मी नंतर पाहायचो. आधी पाहायचो तो कसा ठेवलाय. टाकलाय की मांडलाय. माणसाचा हेतू त्याच्या तोंडापेक्षा तिथं लवकर दिसतो. हे मला कुठल्या साहेबानं शिकवलं नाही, त्या डोहातल्या दगडांनी शिकवलं.

धुरातून सुतारानं पाण्याची बादली उचलली आणि लांब उभ्या असलेल्या म्हाताऱ्याच्या हातात दिली.

"या आप्पा. आता घाला पाणी. आता घालायचं असतं."

म्हाताऱ्यानं पाणी ओतलं. लोखंड गार होऊन आवळलं, एक एक आरा कडकड करत जागेवर बसला, आणि वाफ विरली तेव्हा चाक एक अखंड झालं होतं. आप्पानं त्याला हात जोडले. मीही जोडले.