ओटीचा नारळ आणि माझा डावा पाय

प्रिय ईशान आणि मीरा,

तुमच्या आजीने नारळामुळे विमान पाडलं, हे खरं नाही. विमान पडलं नाही. नारळही पडला नाही. तो नुसता घरंगळला.

मागच्या रविवारी मीराने फोनवर सांगितलं, की तिने शाळेत ही गोष्ट निबंधात लिहिली आणि तिच्या बाईंना ती फार आवडली. त्या निबंधात विमान पेटतं! म्हणून आज सगळी कामं बाजूला ठेवून लिहायला बसले आहे. तुमच्या बाबाने ही गोष्ट नीता आत्याकडून ऐकली, आत्याने ती फ्लाइंग क्लबच्या खोलीत बसून रेडिओवर ऐकली, आणि खोलीत बसून ऐकणाऱ्यांना वाटेल ते दिसतं. विमानात आम्ही दोघंच होतो. त्यातली एक मी. (दुसरा अजून हसतो, त्यामुळे त्याची साक्ष धरू नये.)

आधी थोडं मागचं. लग्नाआधी मी दोन आसनांचं लहान विमान चालवायला शिकले होते. लग्नानंतरही वर्षभर एकटीने उडवत होते. शेवटचं उड्डाण केलं तेव्हा तुमचा बाबा पोटात होता. मला ते ठाऊक नव्हतं. पुढे डॉक्टरांनी दिवस मोजले, तेव्हा तुमच्या पणजीने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. मग बाळ, मग नीता, मग कॉलेजात इंग्रजी शिकवणं. बेचाळीस वर्षं गेली. तुमचे आजोबा अधूनमधून म्हणायचे, "सुमन, तुझं ते पुस्तक अर्धं राहिलंय." पुस्तक म्हणजे लॉगबुक. वैमानिक आपलं प्रत्येक उड्डाण त्यात लिहितो. मी म्हणायचे, "बघू."

आजोबा गेल्यावर त्यांचं कपाट आवरायला घेतलं. त्या कपाटात मोज्यांची जोडी जोडीने कधी सापडली नव्हती. पण वरच्या कप्प्यात माझं लॉगबुक होतं. त्याला तपकिरी कागदाचं कव्हर होतं, आणि ते कव्हर नवं होतं.

ते पुस्तक हातात धरून किती वेळ उभी होते, ते लिहीत नाही. पण पुढची काही वर्षं ते माझ्या उशाशी होतं, आणि एकोणसत्तराव्या वर्षी मी नाशिकबाहेरच्या फ्लाइंग क्लबात जाऊन उभी राहिले. एकदा, फक्त एकदा, एकटीने धावपट्टीभोवती फेरी मारायची आणि ती त्यात लिहायची, एवढंच मला हवं होतं.

परवाना केव्हाच संपला होता. लेखी परीक्षा पुन्हा दिली. मग डॉक्टरी तपासणी. माझा डावा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदललेला, त्यामुळे डॉक्टरांची नजर तिथून हलेना.

"पायऱ्या चढता का?"

"चढते."

"उतरता का?"

"चढल्यावर उतरावंच लागतं, डॉक्टर."

त्यांनी सही केली, पण शेवटचा निर्णय प्रशिक्षकावर सोपवला. पायाने पॅडल नीट दाबता आलं तरच एकटीला सोडायचं.

प्रशिक्षक तेजस. सव्वीस वर्षांचा, घोटीचा, घरी भातशेती. जमिनीवर मला आजी म्हणायचा आणि विमानात मॅडम. मी त्याला आल्या आठवड्यापासून शिस्त लावली. (त्याने मागितली नव्हती.) क्लबातला पसारा बघून मी स्वच्छ अक्षरात बारा कलमांची यादी केली, प्लास्टिकमध्ये घालून घेतली आणि भिंतीवर लावली. पहिलं कलम असं: विमानात एकही सुटी वस्तू नेऊ नये. सुटी वस्तू हवेत कुठेही जाते आणि नको तिथे अडकते. या कलमापायी मी तेजसच्या खिशातला कंगवासुद्धा काढून ठेवायला लावला होता.

परीक्षेच्या दिवशी नीता थर्मास घेऊन आली, आणि सकाळच्या एसटीने कळवणहून अक्का आल्या. अक्का म्हणजे आजोबांची थोरली बहीण, माझी नणंद, वय शहात्तर. हातात मोठी पिशवी.

"सुमन, इकडं ये. उभी राहा."

"अक्का, वेळ झाली."

"विमान काय तुझ्याबिगर जातंय? पदर कुठाय?"

मी शर्ट-पँट घातली होती. "पदर नाही, अक्का."

"मंग शर्टाचं टोक धर."

त्यांनी पिशवीतून नारळ काढला, खण काढला, तांदूळ काढले, तेव्हा मला समजलं. मुलांनो, तुम्ही तिकडे परदेशात वाढलात म्हणून सांगते. बाई प्रवासाला निघाली, की घरची बाई तिची ओटी भरते. पण नवरा गेलेल्या बाईची भरत नाहीत. सहा वर्षांत माझी कोणी भरली नव्हती. मी मागितली नव्हती, त्यांनी विचारलं नव्हतं, आणि त्याबद्दल बोलायचं नाही हे सगळ्यांना आपोआप कळलं होतं.

"अक्का, माझी कशी..."

"मला माहितीय. बाळू गेला. तू नाय गेलीस." (बाळू म्हणजे तुमचे आजोबा.) "एवढी वर चाललीस, मोकळ्या ओटीनं नाय पाठवणार मी. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे. धर!"

मी शर्टाचं टोक धरलं. नीता खिडकीकडे तोंड करून थर्मासचं झाकण लावत राहिली. ते आधीच लागलेलं होतं.

बारा कलमं लिहिणाऱ्या बाईने तो नारळ तिथेच नीताच्या हातात द्यायला हवा होता. तेव्हाही मला ते कळत होतं. पण सहा वर्षांनी भरलेली ओटी विमानाच्या दाराशी रिकामी करणं मला जमलं नाही. तांदूळ खिशात घातले. नारळ खणात गुंडाळून माझ्या आसनाखाली सरकवला.

तेजस माझीच यादी वाचत होता. "मॅडम, सुटी वस्तू?"

"नाही," मी ठणकावून सांगितलं. (पस्तीस वर्षं परीक्षेत कॉपी पकडणारी बाई!)

पहिल्या दोन फेऱ्या उत्तम झाल्या. खाली द्राक्षांच्या बागा, लांबवर धरणाचं पाणी, हात आपोआप जागेवर जात होते. तेजस म्हणाला, "वा मॅडम! आता ही शेवटची. उतरवा, मी सही करतो."

उतरताना उजवीकडून वारा सुटला. असा वारा असला, की विमानाचं नाक वाऱ्याकडे वळतं, आणि ते सरळ ठेवायला डाव्या पायाने पॅडल दाबावं लागतं. मी नाक खाली केलं, धावपट्टी समोर आली, आणि माझ्या टाचेला काहीतरी गोल लागलं.

मी पॅडल दाबलं. ते जागचं हललं नाही.

"डावा पाय, मॅडम."

"हो."

"डावा पाय! नाक उजवीकडे जातंय!"

"दाबतेय!"

"गुडघा दुखतोय का?"

मुलांनो, तो क्षण मी तुम्हाला नीट सांगते. गप्प बसले, तर दोष गुडघ्यावर जाणार होता आणि मला पुन्हा कधी एकटीला सोडणार नव्हते. बोलले, तर भिंतीवरचं पहिलं कलम माझ्याच हाताने फाटणार होतं. आणि विचार करायला धावपट्टी फारशी उरली नव्हती.

"गुडघा ठणठणीत आहे!" मी ओरडले. "नारळ आहे!"

"काय आहे?"

"नारळ! डाव्या पॅडलखाली! ओटीचा!"

एवढं सगळं मी रेडिओचं बटण घट्ट दाबून धरून बोलले. त्यामुळे ते क्लबच्या खोलीत ऐकू गेलं, टॉवरमध्ये ऐकू गेलं, आणि हवेत अजून एक विद्यार्थी होता त्यालाही. खोलीत, नीता सांगते, सगळे रेडिओकडे वळले. मग अक्का रेडिओच्या खोक्याला म्हणाल्या, "आगं, मंग पायाखाली कशाला घेतलास?"

तेजसने विमान आपल्या ताब्यात घेतलं, इंजिनाला पूर्ण जोर दिला आणि नाक वर केलं. नाक वर झाल्याबरोबर नारळ शहाण्यासारखा मागे आला आणि दोन आसनांच्या मध्ये थांबला. पॅडल मोकळं झालं. तेजस त्याच्याकडे बघत राहिला.

"मॅडम, हा खाली ठेवला तर परत जाणार."

"हो."

"मागं टाकला तर डोक्यात बसणार."

"हो."

"मग विमान तुमच्याकडे. मी नारळ धरतो."

त्याने नारळ मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरला. बिनलग्नाचा मुलगा, भरल्या ओटीने बसलेला! मी हसले नाही. मला हसायला वेळ नव्हता. वारा तसाच होता. पण आता डावा पाय मोकळा होता, गुडघ्याने कुरकूर केली नाही, आणि विमान एकदाच टेकलं, परत उडी न मारता. त्याने हात लावला नाही. त्याला हातच नव्हते.

खाली उतरलो तर अक्का धावपट्टीच्या कुंपणाशी. "फुटला तर नाय ना?"

"नाही, अक्का."

"मंग झालं!"

तेजसने लॉगबुक उघडलं, तारीख घातली आणि पेन बंद केलं. "आजी, उतरवलंत फार छान. गुडघ्याबद्दल मी आता कोणाचं ऐकणार नाही. पण आज सही नाही."

"का?"

त्याने भिंतीकडे बोट दाखवलं. "कलम एक."

मी वाद घातला नाही. मी त्याच्या जागी असते तर बाराही कलमं वाचून दाखवली असती. लॉगबुकात शेऱ्याच्या जागी त्याने लिहिलं: सुटी वस्तू, नारळ. खाली मी माझी सही केली.

पंधरा दिवसांनी मी पुन्हा गेले. अक्काही आल्या, पण या वेळी पिशवी मांडीवर घेऊन खोलीत बसल्या. "आता उतरल्यावर भरते," म्हणाल्या. परीक्षेची फेरी झाली, तेजसने सही केली, दार उघडून उतरला आणि मला एकटीला सोडलं. एकच फेरी, सहा मिनिटं. उजवीकडची जागा रिकामी होती. पूर्वी ती रिकामी असली, की मोकळं वाटायचं. या वेळी मी दोनदा तिकडे बघितलं. मग लक्ष समोर ठेवलं, कारण उतरायचं होतं. उतरल्यावर ती फेरी मी लॉगबुकात लिहिली, आणि मग अक्कांनी ओटी भरली.

आता मीराच्या निबंधाबद्दल. विमान पेटलं नाही, मी हात मोडून घेतला नाही, आणि कोणी हेलिकॉप्टर पाठवलं नाही. बाईंना हे पत्र दाखवावं.

त्या पहिल्या नारळाच्या अक्कांनी वड्या केल्या. अर्ध्या तेजसला दिल्या, अर्ध्या आम्ही खाल्ल्या. यादी अजून क्लबच्या भिंतीवर आहे. करवंटी माझ्या टेबलावर आहे. तिच्यात मी घरातल्या सुट्या वस्तू ठेवते.

तुमची,
आजी