मास्तरांचा चौफेर कॅमेरा

भिवंडी शहर, पडघा नाका आणि आसपासच्या सर्व गाव-पाड्यांतील तमाम नागरिकांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, आमचे शेजारी श्रीयुत काशिनाथ मास्तर यांनी वयाच्या सत्तरीत, कोणाही डॉक्टरचा सल्ला न घेता, पाठीला डोळे बसवून घेण्याचा निर्णय घेतला असून, त्या डोळ्यांच्या खरेदीकामी प्रस्तुत लेखकाची बिनपगारी नेमणूक झाली आहे. तरी सर्वांनी आपापल्या पाठीमागे काय चालले आहे याची वेळीच दखल घ्यावी.

हा जाहीरनामा मी आमच्या इमारतीच्या जिन्यात उभा राहून, एक हात कठड्यावर ठेवून, खड्या आवाजात म्हणून दाखवला होता. खालून मास्तरांचा आवाज आला, "सायेब, नाटक झालं आसंल तर चपला घाला. दुकान बंद व्हईल."

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. आमच्याकडे एस.टी.च्या कंडक्टरलाही मास्तर म्हणतात. काशिनाथ मास्तरांनी उभा जन्म भिवंडी, पडघा आणि त्यापलीकडच्या गावांच्या गाड्यांवर काढला. निवृत्तीनंतर खाकी कपडे सुटले, पण कंडक्टर काही सुटला नाही. कुठल्याही खोलीत शिरले की ते आधी खांब शोधत, खांबाला पाठ लावत आणि एक नजर पुढे, एक नजर मागे टाकून घेत. एकदा इमारतीच्या मीटिंगला सगळे दारातच घोटाळत होते. मास्तरांनी खांब पकडला आणि सवयीने ओरडले, "चला, आत चला! दारात लोंबकळू न्हका! मधी सगळी जागा मोकली हाय!" क्षणात मीटिंग आत. आमचे सेक्रेटरी इतके पुढे सरकले की भिंतीवरच्या घड्याळाला त्यांचं डोकं लागलं.

पडघ्याच्या बाजाराला जाणाऱ्या जुन्या बायका अजून सांगतात की गाडी सुटल्यावर मागून धावत येणारा माणूस फक्त याच मास्तरांना दिसायचा. एक घंटी वाजायची, गाडी थांबायची, ड्रायव्हर पुढून शिव्या घालायचा. मी एकदा विचारलं, "मास्तर, तुम्ही सारखे मागेच का बघत असायचात?"

"ज्याला घाई हाय तो पुढून चढतोच. ऱ्हाईला कोन? मागचा. मंग बघायचं कुनाकडं?" असं म्हणून ते माझ्याकडे, सुट्टे न आणणाऱ्या नवीन पोराकडे बघावं तसं बघत.

असा हा सगळ्यांना गाडीत घेणारा माणूस, पण त्यांच्या स्वतःच्या घरातली गाडी दोन ठिकाणी उभी होती. मोठा मुलगा मिलिंद, धाकटा आनंद. मिलिंदने कल्याणला घर घेतलं, गृहप्रवेशाची पत्रिका छापली आणि तिच्यात आनंदच्या बायकोचं नाव राहून गेलं. प्रेसवाल्याने गाळलं, असं मिलिंद म्हणे. छापण्याआधी वाचली कोणी, असं आनंद म्हणे. दोघांचंही खरं होतं, म्हणून भांडण मिटेना. पाच-सहा वर्षं दोघे एका पंगतीला बसले नव्हते. बापाकडे येत, पण एक उतरून गेल्याशिवाय दुसरा जिना चढत नसे. कोण घरात आहे हे बाहेरच्या चपलांवरून ओळखायचं, ही विद्या त्या घरातल्या नातवंडांना अक्षरं लागण्याआधी आली.

आणि आता सुजाताचं, मास्तरांच्या शेंडेफळाचं, लग्न ठरलं होतं. मुलगी नाशिकला जाणार. मास्तरांच्या पत्नीने, म्हणजे माईंनी, फक्त एक मागणं मागितलं, "पोरगी जायच्या आधी माझी तिन्ही लेकरं एका फोटोत दिसू दे." मिलिंदने फोनवर सांगितलं, लग्नाला येईन, काम करीन, वाढपाला उभा राहीन, पण त्याच्यासोबत फोटोला उभा राहणार नाही. आनंदचाही फोन आला. वाक्य तेच. भाऊ शेवटी एकाच आईचे.

लग्नाचा फोटोग्राफर समजूतदार होता. म्हणाला, "मास्तर, दोन वेगळे फोटो काढतो. कॉम्प्युटरवर असे जोडीन की कोणाच्या बापाला कळणार नाही."

"बापालाच तर कळंल ना रं," मास्तर म्हणाले. "उद्या नातू इचारील, बाबा नि काका एकाच फोटोत हायेत तर येकमेकांकडं बगत का न्हायेत? काय सांगू? कॉम्प्युटर आडवा आला?"

इथे रंगमंचावर माझा प्रवेश होतो. मी भिवंडीजवळच्या पूर्णा गावच्या एका गोडाऊनमध्ये नोकरी करतो. त्याच आठवड्यात आमच्याकडे एक पोरगा काठीवर छोटासा कॅमेरा लावून आला. एका बाजूला एक बोराएवढं फुगीर भिंग, दुसऱ्या बाजूला तसंच. काठी उंच धरून तो गोडाऊनभर फिरला आणि नंतर मोबाईलवर बोट फिरवलं की पुढचे रॅक, मागचे रॅक, छप्पर, फरशी, सगळं गरागरा दिसायला लागलं. संध्याकाळी मी हे मास्तरांना हातवारे करून सांगितलं. मास्तरांनी चहाची बशी खाली ठेवली.

"मंजे म्होरचा नि मागचा, एकाच फोटोत?"

"एकाच फोटोत."

"कॅमेऱ्याच्या अल्याड एक, पल्याड एक?"

"हो."

"सोबत न्हाय, बाजूला न्हाय, पन फोटो एक." मास्तर उठलेच. "सायेब, ह्यो कॅमेरा न्हाय. ह्यो कंडक्टर हाय."

आमची वरात निघाली ती इमरानभाईंच्या दुकानात. इमरानभाई मोबाईल, कॅमेरे, इअरफोन सगळं विकतात आणि गिऱ्हाईक आत आल्यावर आधी त्याचा चेहरा वाचतात. त्यांनी काचेवर तीन डबे मांडले आणि सर्वांत महागाचा पुढे सरकवला. "चाचा, ये ले लो. सब व्लॉगवाले यही लेते हैं."

"व्लॉगवाले आपलंच थोबाड दाखवतात," मास्तर म्हणाले. "मेरेको दुसरे लोगों का दिखानेका है."

मग परीक्षा सुरू झाली. मी आजवर माणसांना कॅमेरा घेताना पाहिलं आहे. ते डब्यावरचा मोठा आकडा वाचतात आणि मान डोलवतात. इमरानभाईंनीही आकडा सांगितला. मास्तर म्हणाले, "ह्यो आकडा चारी दिशांना वाटायचा ना? बाकडं तेवढंच, मानसं जास्त. मंग एकाच्या वाटनीला किती येनार ते दाखवा." त्यांनी फोटो काढायला लावला, मोबाईलवर बोटाने ताणून मोठा केला आणि समोरच्या पानवाल्याचं नाक ओळखू येतं का ते पाहिलं. स्वस्तातल्या कॅमेऱ्यात पानवाल्याच्या जागी पान थुंकल्यासारखा डाग होता. तो डबा बाद.

दुसरी परीक्षा सांध्याची. हे कॅमेरे दोन भिंगांचे दोन फोटो घेतात आणि आतल्या आत जोडतात. मास्तरांनी मला कॅमेऱ्याच्या पातळ कडेसमोर, अगदी जवळ उभं केलं. पहिल्या फोटोत मला दोन कान एकाच बाजूला आले. दुसऱ्यात माझं पोट, जे एरवी मी श्वास ओढूनही कमी करू शकत नाही, ते अर्धं नाहीसं झालं. मी हा फोटो ठेवून द्यायला सांगत होतो, पण मास्तर विचारात पडले. "दोन पावलं मागं जा." गेलो. पोट परत आलं. "ठरलं. जवल कोनाला येऊ द्यायचं न्हाय, नि सांध्यावर घरचा मानूस उभा करायचा न्हाय."

मग दिवे घालवायला लावून अंधारात कसा दिसतो ते झालं. लग्नाच्या कार्यालयातल्या ट्यूबलाईटवर मास्तरांचा विश्वास नव्हता. मग बॅटरी. अर्धा तास व्हिडिओ चालू ठेवून मास्तर कॅमेऱ्याला, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा, हाताचा पंजा लावत राहिले. एक कॅमेरा इतका तापला की मध्येच झोपला. तोही बाद. उरला मधला. पण त्याचं भिंग इतकं फुगीर की कॅमेरा टेबलावर आडवा ठेवला तरी घासणार. "ह्याच्यावर टोपी मिलंल?" मिळाली. शेवटी काठी. फोटोत काठी दिसतच नाही, हे इमरानभाईंनी अभिमानाने दाखवलं. मास्तर मात्र अस्वस्थ झाले. ते पुन्हा पुन्हा खऱ्या काठीकडे आणि मोबाईलमधल्या रिकाम्या हवेकडे बघत राहिले.

"कायको परेशान हो चाचा? अच्छा है ना, डंडा गायब!"

"आवो, ज्याच्या जिवावर उभा हाय त्योच दिसत न्हाय," मास्तर पुटपुटले. पण घेतला.

पहिला प्रयोग मास्तरांच्या घरी झाला, व्याही मंडळी आली होती तेव्हा. सगळ्यांनी सवयीने एका बाजूला रांग धरली, बायकांनी पदर सारखे केले, व्याह्यांनी छाती काढली. मी कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला, म्हणजे माझ्या जन्मभराच्या समजुतीप्रमाणे संपूर्ण सुरक्षित जागी, फराळाच्या ताटाजवळ उभा होतो. फोटो झाला आणि मास्तरांनी तो टीव्हीवर, पोळीसारखा सपाट पसरून, लावला. मध्यभागी व्याही गंभीर. डाव्या टोकाला मी, दोन्ही हातांत चकल्या, व्याह्यांच्या छातीची नक्कल करताना. आणि माई तर स्वयंपाकघराच्या दारात होत्या, बरोबर कॅमेऱ्याच्या पाठीशी. त्यामुळे अर्ध्या माई चित्राच्या डाव्या कडेला आणि उरलेल्या उजव्या कडेला.

"अवो! मला चिरली ना तुमच्या कॅमेऱ्यानं!" माई किंचाळल्या.

"थांब गं, जोडतो." मास्तरांनी बोट फिरवलं. माई सरकत सरकत मधोमध येऊन अखंड झाल्या आणि व्याही दुभंगले. मास्तरांना केवढा आनंद झाला! तासभर ते बोट फिरवत राहिले आणि ज्याला वाटेल त्याला मधे आणून बसवत राहिले. "बग, ह्याला कडच न्हाय. कोन पुढं नि कोन मागं, ते बघनाऱ्यानं ठरवायचं."

मास्तर मागच्या वर्षी गेले. झोपेतच गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला पडघ्याच्या बाजारातल्या बायका, निवृत्त ड्रायव्हर आणि एकेकाळी गाडीमागे धावलेली कितीतरी माणसं आली. तेव्हा मला मास्तरांवर दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. मी, ज्याला जिन्यातसुद्धा भाषण सुचतं, तो उभा राहिलो आणि खाली बसलो. तेव्हा राहिलेलं आज लिहितो आहे, आणि शेवटी सुजाताच्या लग्नाचंच सांगतो, कारण मास्तर मला तिथे पूर्ण दिसले.

कार्यालय पडघ्याच्या अलीकडे होतं. बुद्धवंदना झाली, हार घातले गेले, जेवणं उरकत आली. मिलिंद दिवसभर वाढपात, आनंद दिवसभर पाहुण्यांच्या गाड्या लावण्यात. दोघांच्या डोक्यावर निळे फेटे, दोघांची तोंडं दोन दिशांना. मास्तरांनी मोकळ्या जागेत मधोमध काठी उभी केली, कॅमेरा बरोबर माणसाच्या तोंडाच्या उंचीला आणला, टोपी काढली, भिंग पुसलं. मग खांब नसल्यामुळे काठीलाच पाठ लावून आवाज दिला.

"चला, घरची मानसं! गोल करा! दोन पावलं लांब! मधी जागा सोडू न्हका!"

मिलिंद जवळ आला आणि हळूच म्हणाला, "आबा, मी सांगितलं होतं."

"काय सांगितलं व्हतं? सोबत उभा राह्यनार न्हाय. मंग? तू हिकडं, तो तिकडं. मधी समदं घर. झाली ना तुझी अट?"

आनंदलाही हेच सांगून झालं. अट पाळली गेली आहे हे दोघांनी तपासलं आणि समोरासमोरच्या दोन टोकांना जाऊन उभे राहिले. त्यांच्यामध्ये अर्ध्या वर्तुळात माई, नवरा-नवरी, सुना, आणि उरलेल्या अर्ध्यात आत्या, मावश्या, नातवंडं. मी बाजूला सरकत होतो तर मास्तरांनी दंडाला धरून ओढलं. "सायेब, तुमी सांध्यावर. तुमचं पोट कमी झालं तर कोनी रडनार न्हाय."

"मास्तर, हा तर घरचा फोटो..."

"मंग काय गाडीच्या पायरीवर पाय ठेवून लोंबकळनार?"

उभा राहिलो. मास्तर पुन्हा ओरडले, "फेटे काढा! समदे सारखे दिसतात. उद्या नातवंडांना कोन कुठला कललं पायजे!" फेटे उतरले. "कॅमेऱ्याकडं बघा. फोटो न्हाय, व्हिडिओ हाय, त्यातून काढू. हलू न्हका, बोलू न्हका." त्यांनी मोबाईलवरचं बटण दाबलं आणि माईंच्या शेजारी स्वतःच्या जागेवर जाऊन उभे राहिले.

कॅमेऱ्याकडे बघा, असं सांगणं सोपं असतं. पण तो दोन काड्यापेट्या एकावर एक ठेवल्याएवढा, आणि त्याच्या पलीकडे थेट समोरचा माणूस. नजर कॅमेऱ्यावर ठेवली की ती कॅमेऱ्याच्या वरून घसरून पलीकडच्या चेहऱ्यावर जाते. मी समोरच्या मावशींच्या नथीकडे बघत होतो. मिलिंदला बघायला दुसरं कोणी नव्हतं आणि आनंदलाही नव्हतं. कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकत होता. मास्तर अजिबात कॅमेऱ्याकडे बघत नव्हते. ते एकदा या टोकाकडे, एकदा त्या टोकाकडे बघत होते. माईंनी त्यांचा हात घट्ट धरला होता. सुजाताने ओठ आवळून धरले होते. मिलिंदने नजर खाली घेतली, पायाकडे पाहिलं, पुन्हा वर केली. आनंद तसाच ताठ, हनुवटी वर, फेटा काखेत.

तो व्हिडिओ आजही आहे. त्यात सगळे दिसतात आणि त्या सगळ्या शांततेत एकच आवाज ऐकू येतो. मिलिंदचा, मोठ्याने, घाबरल्यासारखा:

"आंद्या! केस कुठं गेले रे तुझे?"